लाईट गेली की १९१२ ला फोन कसा करायचा : चिठ्ठीपासून तक्रार नंबरापर्यंत आणि त्याच्या पुढे

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात लाईट गेली की दोन मिनिटात अख्खी गल्ली बाहेर येते आणि दहा जण एकदम फोन लावतात. अर्ध्या तासाने विचारा, कुणाकडं तक्रार नंबर आहे का? एकाकडंही नसतोय. "सांगितलंय की मी, येतील" एवढंच उत्तर. माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळे बिल घेऊन येणारे, फोन लावून द्या म्हणणारे रोज समोर असतात, आणि चुका बघा, त्याच त्या असतात. म्हणून हे एकदा सगळं लिहून काढलं.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, मग बाकी सोपं जातंय. १९१२ हा महावितरणचा तक्रारीचा नंबर, आणि तो फोन उचलणारा माणूस मध्यवर्ती ग्राहक सेवा केंद्रात असतो, तुमच्या चौकात नाही. त्याला कन्ना चौक आणि कोंतम चौकातला फरक माहीत असण्याचं कारण नाही, तुमच्या गल्लीत अंधार आहे हे त्याला दिसत नाही. तो फक्त तुम्ही सांगितलेलं टाईप करतो, ते तुमच्या भागाच्या शाखा कार्यालयाकडं जातं आणि तिथला वायरमन त्या दोन ओळी वाचून निघतो. म्हणजे तुम्ही फोनवर बोलत नसता, वायरमनसाठी चिठ्ठी सांगत असता. ती चिठ्ठी चुकली की वायरमन चुकतो.

१. फोनला हात लावायच्या आधी घरात बघा

पहिला प्रश्न एवढाच : लाईट फक्त माझ्या घरची गेलीय, आमच्या ओळीतली गेलीय का सगळ्या पेठेतली? दारात उभं राहून समोरच्या आणि शेजारच्या घरात बघायचं. इन्व्हर्टरवाल्या घराकडं बघून फसू नका, त्यांना विचारा. रस्त्यावरच्या दिव्यावरूनही काही ठरवू नका, त्याची लाईन कधीकधी वेगळी असते.

फक्त तुमच्याच घरची गेली असेल तर बोर्डावर जा. एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप खाली पडणारं बटण) पडलीय का बघा, ईएलसीबी (करंट कुठं गळला की लाईट तोडणारं बटण) असेल तर ती बघा. उन्हाळ्यात आपल्याकडं निम्म्या वेळेला कूलर असतो, पंपाच्या वायरला पाणी लागतं आणि ईएलसीबी ट्रिप होते, लोक इकडं महावितरणला शिव्या देत बसतात. सगळी बटणं बंद करा, कूलर-फ्रिजच्या पिना काढा, मग एमसीबी वर करा. राहिली तर एकेक वस्तू चालू करत जा, जिथं परत पडते तिथं दोष. सगळं बंद करूनही वर राहत नसेल तर घरातल्या वायरिंगमध्ये गडबड आहे, त्याला तुमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन बोलवा. वायरमनचं काम मीटरपर्यंत, मीटरच्या पुढचं घर तुमचं.

आता मीटरकडं बघा, टॉर्च मारून. डिस्प्ले चालू आहे, लाल दिवा आहे आणि तरी घरात अंधार, तर बहुतेक दोष तुमच्या बाजूला. डिस्प्लेच बंद आणि शेजाऱ्याकडं लाईट चालू, तर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर किंवा खांबावरचं कनेक्शन. हे एक वाक्य फोनवर सांगितलं की वायरमन शिडी घेऊनच येतो. मीटरच्या पेटीचं सील मात्र तोडायचं नाही, आत काय झालंय बघतो म्हणून सुद्धा नाही.

बिल थकलंय का तेही बघून घ्या, आणि मोबाईलवर महावितरणचा मेसेज आलाय का. देखभालीसाठी लाईन बंद ठेवणार असतील तर नोंदवलेल्या मोबाईलवर आधी मेसेज येतो, आणि तो आपण बँकेच्या जाहिरातीसारखा न वाचता पुसून टाकलेला असतो.

थांबा : बल्ब नेहमीपेक्षा भगभगीत पेटायला लागले, फॅन सुसाट सुटला, किंवा एका खोलीत प्रकाश मंद आणि दुसरीकडं जास्त, तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सुटलेला असू शकतो. अशा वेळी व्होल्टेज इतकं चढतं की टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात. आधी मेन स्विच बंद, मग फोन. शेडमध्ये थ्री फेजवर यंत्रमाग असतील आणि मोटर फिरायच्या ऐवजी नुसती गुंगायला लागली तर एक फेज गेलाय, लगेच मोटरी बंद करा, नाहीतर वायंडिंग जळतंय आणि त्याचा खर्च तुमच्याच खिशातून.

थांबा : तार तुटून खाली पडली असेल तर वरचं काहीच करत बसू नका. जवळ जायचं नाही, काठीनं सरकवायची नाही, पावसात तर अजिबात नाही, पोरं आणि जनावरं लांब ठेवायची आणि पहिला फोन तिथूनच. पहिलं वाक्य "जिवंत तार रस्त्यावर पडली आहे". ग्राहक क्रमांक, नाव, गाव सगळं त्याच्यानंतर.

२. चिठ्ठी तयार करा, उजेड असताना

ही पायरी लाईट गेल्यावर करायची नसते. आज, आत्ता, बिल हातात घेऊन करा.

बिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो कागदावर चार-चार आकड्यांच्या तीन गठ्ठ्यांत लिहा. त्याच्याजवळच ४ अंकी बिलिंग युनिट असतं, तेही लिहा. मीटर क्रमांक बिलावरचा आणि प्रत्यक्ष मीटरवरचा जुळतोय का बघा, मीटर बदललेल्या घरात कधीकधी जुळत नाही आणि ते तेव्हाच कळलेलं बरं. बिल कुणाच्या नावावर आहे ते लिहा, कारण आपल्याकडं घर नातवाचं आणि बिल आजोबांच्या नावावर हे सर्रास असतं, फोनवर नाव विचारलं की माणूस स्वतःचं सांगतो आणि घोळ होतो.

मग पत्ता. बिलावरचा पत्ता बहुतेक वेळा "घर नं. अमुक, सोलापूर" एवढाच असतो, त्यावरून घर सापडत नाही. तुम्ही एक ओळ बनवा, जी एका अनोळखी माणसाला रात्री सांगता येईल : कुठल्या रस्त्यावरून कुठं वळायचं, कोपऱ्यावर काय आहे, घराचा रंग, खाली दुकान आहे का. जवळच्या खांबावर किंवा डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, रंगवलेला नंबर असेल तर तो सोन्यासारखा, लिहूनच ठेवा.

ही चिठ्ठी मीटरच्या शेजारी भिंतीवर चिकटवा आणि तिचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाका. कपाटातल्या फाईलमध्ये ठेवलेलं बिल अंधारात कुणालाच सापडत नाही.

इथं एक गंमत सांगतो, गंमत आता वाटतीय म्हणा. आमच्या समोर एक अक्का राहतात, त्यांची दोन कनेक्शनं, एक घरचं आणि एक मागच्या गल्लीतल्या शेडचं, चार माग आहेत तिथं. मे महिना, रात्री नऊचा सुमार, घरातली लाईट गेली आणि पहाटे नळाला पाणी येणार होतं, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, मोटर चालली नाही तर पुढचे चार दिवस टाकी कोरडी. अक्कांनी फोन केला, हाताला लागलं ते बिल घेऊन नंबर सांगितला, तक्रार नोंदली गेली. वायरमन आला की वेळेवर. पण शेडवर! शेडला कुलूप, शेडची लाईट चालू, बिलावरचा मोबाईल नंबर पाच वर्षांपूर्वी बंद झालेला. त्यानं दोनदा लावून बघितला आणि निघून गेला, तक्रार बंद. इकडं अक्का दारात खुर्ची टाकून हातपंख्यानं वारा घेत बसलेल्या, "अजून कसं येईनात". रात्री बारा वाजता माझं दार वाजवलं, तेव्हा बिल बघितलं तर वर दर संकेत (कुठल्या वापराचा दर ते) यंत्रमागाचा, म्हणजे बिल शेडचं. दुसऱ्यांदा घरच्या नंबरवर तक्रार टाकली, मग काम झालं. आता अक्कांच्या भिंतीवर दोन चिठ्ठ्या आहेत, घरची हिरव्या शाईनं, शेडची लाल.

तपासा : तुमचा आत्ताचा मोबाईल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला आहे का? नसेल तर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत एमआरईजी, मग एक स्पेस, मग १२ अंकी ग्राहक क्रमांक असा एसएमएस ९९३०३९९३०३ वर पाठवा. हे नाही केलं तर पुढच्या सोप्या वाटा बंदच राहतात.

३. कुठला नंबर कशासाठी

बोलून तक्रार द्यायची तर १९१२ किंवा १९१२०. ते लागत नसतील तर १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. चारही टोल फ्री, चोवीस तास. वादळ-पावसात सगळं सोलापूर एकदम फोन करतंय, तेव्हा एकच नंबर वीस वेळा रिडायल करण्यापेक्षा चारही आलटून पालटून लावा.

फक्त "लाईट गेलीय" एवढंच सांगायचं असेल आणि मोबाईल नोंदवलेला असेल तर बोलायचीही गरज नाही. ०२२-५०८९७१०० वर मिस्ड कॉल द्यायचा, तक्रार तुमच्या ग्राहक क्रमांकावर लागते. किंवा इंग्रजी कॅपिटलमध्ये नोपॉवर असा एकच शब्द, स्पेस, ग्राहक क्रमांक, आणि ९९३०३९९३०३ वर पाठवा. महावितरणच्या मोबाईल ॲपमधूनही होतं. माझं मत विचाराल तर गल्लीची लाईट गेली असेल तर मिस्ड कॉल पुरे, पण फक्त तुमच्या घरची गेली असेल, तार लोंबत असेल, व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर बोलूनच तक्रार द्या, कारण मिस्ड कॉल "मीटरचा डिस्प्ले बंद आहे" हे सांगू शकत नाही. आणि एका नंबराला दोन-तीन कनेक्शनं जोडली असतील तर मिस्ड कॉलच्या भानगडीत न पडता ग्राहक क्रमांक सांगूनच बोला, अक्कांचं झालं तसं व्हायला नको.

शाखा कार्यालयातल्या कुणा वायरमनचा खासगी नंबर बऱ्याच जणांकडं असतो, त्याला सांगितलं की झालं असं वाटतं. सांगा की, पण १९१२ ला नोंद केल्यानंतर. तो सुट्टीवर असेल, खांबावर असेल, फोन उचलणार नाही आणि उद्या तुमच्याकडं दाखवायला काहीच नसेल.

आणि रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार इथं करू नका. खांब महावितरणचा दिसला तरी शहरात पथदिवे महानगरपालिकेचे, ती तक्रार पालिकेत. यावरून लोक फोनवर तासभर भांडलेले मी बघितलेत.

४. प्रत्यक्ष फोन

चिठ्ठी समोर, पेन हातात, मोबाईल चार्ज आहे का बघा. स्पीकरवर टाकून गल्लीच्या मध्ये उभं राहून बोलू नका, मागून चार जण ओरडायला लागतात आणि पलीकडच्याला एक अक्षर कळत नाही.

सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज भाषा विचारतो, मराठी निवडा, मग पर्याय सांगतो. पूर्ण ऐका. मेनूतले पर्याय बदलत असतात, मागच्या वर्षी दोन दाबलं होतं म्हणून यंदाही दोन दाबू नका. घाईत चुकीचं बटण दाबून बिलाच्या खिडकीत गेलात तर रांग तीच असते आणि शेवटी परत पहिल्यापासून. होल्डवर ठेवलं तर ठेवू द्या, कट करून परत लावलं की रांगेत शेवटी.

माणूस बोलायला आला की ह्या क्रमानं : काय झालंय, ग्राहक क्रमांक, किती जणांची गेलीय, घरात काय तपासलं, कधीपासून, पत्ता. अशा पद्धतीनं :

"नमस्कार मॅडम, वीजपुरवठा बंद असल्याची तक्रार द्यायची आहे. ग्राहक क्रमांक चार-चार आकड्यांनी सांगतो, लिहून घ्या."

"हो सर, सांगा."

इथं सगळ्यात जास्त माती होते. आकडे जोडून सांगू नका. एकोणसत्तर का एकोणऐंशी, पंचवीस का पस्तीस, फोनवर कळतच नाही, त्यात आपल्याकडं अर्धे आकडे मराठीत, अर्धे हिंदीत आणि घाई झाली की तेलुगूत. एकेक आकडा सुटा सांगा, चार झाले की थांबा, त्यांना "हो" म्हणू द्या. बारा झाले की त्या स्क्रीनवरचं नाव सांगतील. ते नाव तुमच्या बिलावरचं आहे का? नसेल तर तिथंच थांबवा. नाव जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही.

"फक्त आमच्या घरची लाईट नाही, शेजारी चालू आहे. मीटरचा डिस्प्ले बंद आहे, घरातली एमसीबी बघितली, ती ठीक आहे. संध्याकाळी साडेसातपासून."

"सर, पत्ता आणि जवळची खूण?"

"बिलावरचा पत्ता अपुरा आहे, खूण तक्रारीतच लिहा. अशोक चौकातून आत येताना डाव्या हाताची दुसरी बोळ, कोपऱ्यावर पिठाची गिरणी, गिरणीपासून तिसरं घर, निळं गेट. संपर्कासाठी हाच नंबर घ्या."

झालं, दीड मिनिट. आता न चालणारं वाक्य ऐका : "ओ, किती वेळ झाला लाईट नाही, तुम्ही लोक काय झोपा काढायलाव काय, लवकर माणूस पाठवा." हे बोलून मन हलकं होतं हे मान्य, मीही बोललोय एकदा, पण ह्यातलं टाईप करण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पलीकडची पोरगी रात्रपाळीत बसलेली आहे, तार तिनं तोडलेली नाही.

आजारी माणूस घरात असेल, ऑक्सिजनचं मशीन लाईटवर चालत असेल तर ते जरूर सांगा आणि तक्रारीत लिहून घ्यायला सांगा. नसेल तर खोटं सांगू नका, वायरमन दारात आल्यावर लाज जाते.

५. नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही

फोन ठेवायच्या आधी तक्रार क्रमांक मागायचा. "मेसेज येईल सर" म्हटलं तरी "येऊ दे, आत्ता सांगा, मी लिहितोय" म्हणा. लिहून घ्या, परत वाचून दाखवा, शेजारी तारीख आणि वेळ टाका. मेसेज जुन्याच मोबाईलवर गेलेला असू शकतो, तेव्हा कागदावरचा आकडाच उपयोगी पडतो.

आणखी एक विचारा : "तक्रार कुठल्या उपविभागाकडं गेली?" तुम्ही जुळे सोलापुरात राहता आणि उत्तर दुसऱ्याच भागाचं आलं तर ग्राहक क्रमांक चुकला समजा.

गल्लीचा प्रश्न असेल तर प्रत्येकानं आपापल्या ग्राहक क्रमांकावर तक्रार द्यावी का? दोघा-तिघांनी द्यावी. एकाच डीपीवरच्या तीन तक्रारी आल्या की दोष एका घराचा नाही हे लगेच समजतं. एकाच घरातून पाच वेळा देऊन काही होत नाही.

६. वाट बघणं आणि पाठपुरावा

किती वेळ थांबायचं? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम आहेत, त्यात कुठल्या कामाला किती वेळ हे ठरवून दिलंय आणि वेळेत झालं नाही तर ग्राहकाला भरपाईची तरतूदही आहे. साध्या फ्यूजला कमी वेळ, तुटलेल्या लाईनला त्याहून जास्त, ट्रान्सफॉर्मर जळला तर आणखी जास्त, आणि शहराला ग्रामीण भागापेक्षा कमी. म्हणून दोष काय आहे हे आधी समजून घ्या. डीपी जळालीय हे दिसत असताना वीस मिनिटाला फोन करून उपयोग नाही, नवीन डीपी गाडीवरून यायचीय.

दुसऱ्यांदा फोन करताना नवी तक्रार देऊ नका. "माझी जुनी तक्रार आहे, क्रमांक अमुक, तिची स्थिती सांगा" असं म्हणा. नवी तक्रार दिली की घड्याळ परत शून्यावर, आणि पहिली कधी दिली हे कुणाला दिसत नाही.

तक्रार "निवारण झालं" म्हणून बंद झाली आणि घरात अजून अंधार, असं झालं तर रागावायच्या आधी तीन गोष्टी बघा : गल्लीची लाईट आली पण तुमची एमसीबी खालीच आहे का, वायरमनचा मिस्ड कॉल पडलाय का, आणि तक्रार बरोबर कनेक्शनवर होती का. तिन्ही ठीक असतील तर फोन करून जुना क्रमांक सांगा, लाईट आलेली नाही, तक्रार पुन्हा उघडा म्हणा, नवीन क्रमांक मिळाला तर दोन्ही एकाखाली एक लिहा.

वायरमन आला की कुणीतरी खाली हजर पाहिजे. मीटर कुलूपबंद जिन्याखाली आणि चावी मालकाकडं, मालक होटगी रोडला, असं असेल तर बिचारा काय करणार.

७. बिलाची तक्रार : इथं फोन फक्त सुरुवात

बिल जास्त आलं म्हणून फोन करणाऱ्यांची चूक एकच, फोनवरच बिल कमी करून मिळेल असं त्यांना वाटतं. फोनवर तक्रार नोंद होते, थकबाकी कळते, बिलाची माहिती मिळते. बिल दुरुस्त होतं ते उपविभागाच्या बिलिंग विभागात, कागद बघून. मग फोन कशाला? तारखेसह क्रमांक मिळतो म्हणून.

फोनच्या आधी मीटरचा फोटो काढा. डिस्प्लेवर आकडे फिरत असतात, तारीख, व्होल्टेज, मागणी, त्यातला ज्याच्यापुढं केडब्ल्यूएच येतं तोच आकडा रिडिंगचा, तो येईपर्यंत थांबा. मीटर क्रमांक त्याच फोटोत आला पाहिजे. आता बिलावरचं चालू रिडिंग आणि हे जुळतंय का? बिलातलं रिडिंग तुमच्या आजच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर चूक समोरच आहे, दोन मिनिटात सांगता येते. रिडिंगच्या जागी सरासरी धरली असेल, मीटर लॉक किंवा फॉल्टी असा शेरा असेल, तर तो शब्द फोनवर वाचून दाखवा.

दोन महिन्यांचं रिडिंग एकदम घेतलं असेल तर युनिट जास्त दिसतात आणि माणूस घाबरतो. घरगुती दर टप्प्यांचा आहे, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढं आणखी महाग. दोन महिन्यांचे २४० युनिट असतील तर महिन्याला १२० धरून टप्पे लागले पाहिजेत, सगळे एका महिन्यात टाकले तर जास्तीचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. म्हणून विचारायचं ते हे : "बिल किती महिन्यांचं आहे आणि टप्प्यांचा फायदा तेवढ्या महिन्यांचा दिलाय का?"

मीटर जोरात पळतोय अशी शंका असेल तर घरातलं मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा बघा. लुकलुकणं थांबायला पाहिजे. मेन बंद असतानाही चालूच असेल तर मधल्या वायरीत गळती आहे किंवा कुणीतरी तुमच्या लाईनवर बसलंय. थांबलं आणि तरी शंका असेल तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज आणि फी, हे फोनवर होत नाही.

आणि उन्हाळ्यात दुसरं एक बिल येतं, सुरक्षा ठेवीचं. लोक ते घेऊन दुकानात येतात, "दोनदा बिल लावलंय बघा". ते वेगळंच असतं, ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी लागते आणि वापर वाढला की फरक मागतात. ठेवीवर व्याजही मिळतं. त्याच्यासाठी फोन करून वाद घालण्यात अर्थ नाही, सरासरी बरोबर धरलीय का तेवढं तपासा.

थांबा : वाद आहे म्हणून बिल भरायचंच नाही असं करू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी कनेक्शन तोडायच्या आधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पण नोटीस आली की तोडता येतंच. त्याच कलमात सोय आहे : मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली कमी असेल ती "निषेध नोंदवून भरतोय" असं लेखी देऊन भरा, मग वाद मिटेपर्यंत कनेक्शन तोडता येत नाही. हे लेखी पाहिजे, फोनवर बोललेलं धरत नाहीत.

८. फोननं भागलं नाही तर

क्रम पाळा, उडी मारली की खालीच परत पाठवतात. आधी शाखा कार्यालय, मग उपविभागाचे उपकार्यकारी अभियंता, मग विभागाचे कार्यकारी अभियंता, मग सोलापूर मंडलाचे अधीक्षक अभियंता. सोलापूर मंडल बारामती परिमंडलात येतं. प्रत्येक ठिकाणी एका पानाचं पत्र, वर ग्राहक क्रमांक, खाली तक्रार क्रमांक तारखेनिशी, सोबत बिल आणि मीटरचा फोटो. दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घ्या. शिक्का न घेता आलात तर नुसतं फिरून आलात.

त्याच्यावर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथला आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडं. वकील लावलाच पाहिजे असं काही नाही, स्वतः मांडता येतं. वीजचोरीचा किंवा अनधिकृत वापराचा आरोप असेल, म्हणजे कलम १३५ किंवा १२६, तर मात्र मंच ऐकत नाही, त्याची वाट वेगळी आहे. घरगुती मीटरवर माग किंवा दुकान चालवणाऱ्यांनी आधी हे वाचावं, मग भांडायला जावं.

९. उलटा फोन आला तर

तुम्ही केलेल्या फोनचं बघितलं, आता तुम्हाला येणारा. "आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापणार, मागचं बिल अपडेट नाही, ह्या अधिकाऱ्याला फोन करा" असा मेसेज दहा आकडी साध्या मोबाईल नंबरवरून येतो. तो चोराचा. फोन केला की गोड बोलून एक ॲप टाकायला लावतात, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं काहीतरी, मग "दहाच रुपये भरा चेक करायला", आणि तेवढ्यात तुमची स्क्रीन त्याच्याकडं उघडी पडलेली असते.

कधीकधी तक्रार दिल्यावर थोड्या वेळात असा फोन आला की माणूस फसतो, वाटतं त्याचाच आहे. ओळखायचं कसं? त्यालाच विचारा, "माझा तक्रार क्रमांक सांगा". खरा वायरमन क्रमांक सांगेल नाहीतर सरळ "घर कुठं आहे, खाली या" म्हणेल. ओटीपी, कार्ड, लिंक, ॲप यातलं काही मागितलं की फोन ठेवा आणि स्वतः १९१२ लावून विचारा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन, बँकेला फोन, सकाळची वाट बघू नका. त्या फोनलाही पेन हातात पाहिजे, कारण तिथंही तक्रार क्रमांक देतात.